इंजिनातून जळका वास येतो, पण गाडी थांबल्यावरच. नेमकं कुठं बघायचं?

कडेकपारी
मंडळी, गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची, मॅन्युअल गिअरची आहे. बरीच वर्षं चाललेली आहे, पण निगा नीट राखलेली. गेले काही आठवडे जळका वास येतोय. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना अजिबात येत नाही. सिग्नलला थांबलो किंवा गाडी लावून बंद केली की येतो, आणि एसीच्या झडपांमधून आत येतो. तापमानाचा काटा जागेवर आहे, डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही. ऑइलची पट्टी पाहिली तर पातळी किंचित खाली, पण खुणेच्या आत. धूर दिसलेला नाही.

मला हा करपलेल्या तेलाचा वास वाटतो. माझी बहीण म्हणते, प्लॅस्टिक जळल्यासारखा आहे. एका गॅरेजात क्लच गेला म्हणून सांगितलं, दुसरीकडे सायलेन्सरचं पॅकिंग बदला म्हणाले. दोघांनीही बोनेट उघडून वरवरच पाहिलं. अंदाजाने पार्ट बदलत बसायची माझी तयारी नाही. घरच्या घरी काय काय तपासता येईल? क्रमाने सांगितलंत तर फार बरं होईल.

नटबोल्ट
सगळ्यात आधी एक सांगा, वासात कच्च्या पेट्रोलचा अंश आहे का? असेल तर पुढचं काही करू नका, गाडी सुरूसुद्धा करू नका. इंधनाचा पाइप किंवा इंजेक्टरची रबरी रिंग गळत असेल तर तपासण्याच्या नादात आग लागू शकते. नसेल तर बाकीचं सावकाश बघता येईल.

कडेकपारी
नटबोल्ट, पेट्रोलचा वास नाही. ते मुद्दाम नीट हुंगून पाहिलं.

तिसरा गिअर
नुकतीच सर्व्हिसिंग झाली आहे का? ऑइल फिल्टर काढताना थोडं ऑइल सांडतंच. ते सायलेन्सरच्या पाइपवर पडलं असेल तर काही दिवस वास येतो आणि आपोआप जातो. ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण नीट बसलंय का तेही बघा. ते तिरकं बसलं तरी तेल उडतं.

कडेकपारी
सर्व्हिसिंग झाली होती, पण वास त्याच्या आधीपासूनचा आहे. झाकण घट्ट आहे.

पानाबहाद्दर
माझं सगळं आयुष्य गॅरेजात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची माहिती वास कसला आहे ही नाही, तो कधी येतो ही आहे. गाडी वेगात असते तेव्हा समोरून आलेला वारा इंजिनवरून फिरून खाली आणि मागे निघून जातो. गाडी थांबली की तो वारा थांबतो. गरम हवा वर चढते आणि बोनेटच्या मागच्या कडेला, काचेच्या पायथ्याशी जमते. केबिनमध्ये बाहेरची हवा ओढणारी जाळी नेमकी तिथेच असते. म्हणून सिग्नलला वास येतो आणि हायवेवर येत नाही. त्यात इंजिन बंद केलं की इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरायचं थांबतं, आणि बोनेटखालचं तापमान काही मिनिटं उलट वाढतं. गाडी लावल्यावर वास तीव्र होतो तो त्यामुळे.

म्हणजे बोनेटखाली एखाद्या तापलेल्या भागावर काहीतरी थोडं थोडं पडतंय. तापलेला भाग म्हटलं की पहिला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका धूर बाहेर नेणारा पाइपांचा जोड. लोड आला की तो सहज ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. इंजिन ऑइलची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला साधारण २०० अंशांच्या वर तापमान लागतं. तेव्हा चार थेंबसुद्धा करपट वास सुटायला पुरतात. ते जागीच जळून जातात, त्यामुळे खाली जमिनीवर डाग पडत नाही. डाग नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका.

अशा जुन्या पेट्रोल इंजिनात माझा पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटवर (त्याखालच्या रबरी पट्टीवर). रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं, चपटं होतं, आणि मग मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरायला लागतं. पुढून बघितलं तर काहीच दिसत नाही. ज्या इंजिनात मॅनिफोल्ड मागे, केबिनच्या भिंतीकडे असतो तिथे तर हमखास असंच होतं.

अबोली
पानाबहाद्दर काका, वेळेचा मुद्दा पटला. पण वासाच्या प्रकारालाही काही अर्थ असतोच ना? कूलंटचा गोडसर, रबराचा उग्र, ऑइलचा करपट, असं सगळीकडे सांगतात.

पानाबहाद्दर
अर्थ असतो, अबोली. कूलंटचा वास एकदा ओळखता आला की चुकत नाही. पण इथेच बघा, एकाच गाडीत बसलेले भाऊ-बहीण दोन वेगळे वास सांगतायत. नाकाने दिशा कळते. भाग बदलायचा तो डोळ्यांनी बघूनच.

वीजवाला
मी थोडा वेगळा सूर लावतो. बहिणीला प्लॅस्टिकचा वास येतोय हे बाजूला टाकू नका. ऑइलच्या गळतीला थोडा वेळ देता येतो, वायरिंगला देता येत नाही. एक सोपी चाचणी करा. वास येत असताना एसीचं बटण बाहेरची हवा बंद, आतलीच फिरव, अशा स्थितीत आणा आणि काही मिनिटं थांबा. वास गेला तर तो बोनेटखालून येतोय. राहिला किंवा वाढला तर डॅशबोर्डच्या मागे शोधायचं. ब्लोअरची मोटर, तिचा वेग ठरवणारा रेझिस्टर, फ्यूजबॉक्स, नंतर बसवलेल्या अॅक्सेसरीजचं वायरिंग. आणि ही चाचणी दोघांनी मिळून करा, बहिणीलाही बसवा.

नटबोल्ट
वीजवाला यांना अनुमोदन. याला काही लागत नाही आणि अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते.

दूरचा प्रवासी
क्लचबद्दल. क्लच प्लेट घासली तर वास येतो, पण तो चढावर, रिव्हर्समध्ये, ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवल्यावर येतो, आणि जळलेल्या कागदासारखा किंवा केसांसारखा असतो. सोबत अॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, अशी लक्षणं दिसतात. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात असताना एकदम अॅक्सिलरेटर दाबून बघा. आरपीएम झटकन उसळला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. तसं काही नसेल तर त्या गॅरेजचा सल्ला सोडून द्या.

कडेकपारी
क्लच ठणठणीत आहे. दूरचा प्रवासी यांनी सांगितलं तसं करून पाहिलं, आरपीएम उसळत नाही.

वीजवाला यांची चाचणीही केली. आतली हवा फिरवायला लावली की करपट वास जातो. पण बहीण म्हणते, तिला येणारा वास पूर्ण जात नाही, ब्लोअर शेवटच्या पायरीवर असताना तर येतोच. मला तो जेमतेम जाणवला.

वीजवाला
मग तुमच्या गाडीत दोन वास आहेत, आणि तुम्ही दोघंही बरोबर आहात. ब्लोअर तूर्त शेवटच्या पायरीवर चालवू नका. त्याच्याकडे आपण परत येऊ.

धूमकेतू
माझा अनुभव. असाच वास यायचा, सगळे ऑइल ऑइल म्हणत होते. गाडी लिफ्टवर चढवली तर सायलेन्सरच्या पाइपला प्लॅस्टिकची पिशवी वितळून चिकटलेली! रस्त्यावरून उडून येते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) आसपास बसते. गार झाल्यावर खरवडून काढली, उरलेला थर हळूहळू जळून गेला. खाली वाकून एकदा टॉर्च मारायला काहीच हरकत नाही.

मृद्गंधा
आमच्याकडे उंदीर निघाला होता. गाडी बरेच दिवस उभी होती, इंजिनच्या वरच्या कव्हरखाली चिंध्या आणि वाळलेली पानं आणून त्याने घर केलं होतं. गाडी सुरू केली की धुरकट वास. सोबत दोन वायरींचं आवरणही कुरतडलेलं. घरटं काढलं, पण खरी काळजी वायरींची होती. त्या टेप गुंडाळून सोडू नका, नीट जोडून घ्या. जास्त दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत वास आला तर आधी इंजिनचं प्लॅस्टिक कव्हर उचलून बघा.

शंकासूर
माझ्या गाडीतही असा वास येतो, मधूनच, आणि बंद केल्यावर पंखा बराच वेळ फिरत राहतो. काही दिवस ठीक, मग पुन्हा. हीच भानगड का?

पानाबहाद्दर
शंकासूर, डिझेल आहे का?

शंकासूर
हो, डिझेल. नवीनच आहे.

पानाबहाद्दर
मग बहुतेक डीपीएफचं रिजनरेशन. डिझेलच्या धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये साठते. तो भरत आला की गाडी स्वतः जादा इंधन देऊन त्याचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्या वेळी उग्र गरम वास येतो, आयडलिंग थोडं वर जातं, पंखा जोरात फिरतो. मध्येच गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं आणि पुन्हा सुरू होतं. रोज फक्त जवळच्या फेऱ्या असतील तर अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने थोडं लांब जाऊन या. हे सारखंच होत असेल तर ऑइलची पातळी बघा. अर्धवट रिजनरेशनमधलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. वाढलेली पातळी धोक्याची, तिच्याकडे काणाडोळा करू नका. गाडी उभी करताना खाली वाळलेलं गवत नसेल हेही बघा, त्या वेळी पाइप फार तापलेला असतो.

कडेकपारी, तुमची गाडी पेट्रोलची, तुम्हाला हे लागू नाही.

दूरचा प्रवासी
धाग्यात अजून चाकांचा विषय कुणी काढला नाही. पुष्कळदा वास चाकातून येतो आणि लोक इंजिन उघडतात. ब्रेकचं कॅलिपर अडकलं, पिन गंजून जाम झाली, हँडब्रेकची केबल पूर्ण सुटली नाही, की पॅड सतत घासत राहतो. प्रवासानंतर चाकाला हात न लावता जवळ तळहात धरून बघा, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डाव्या आणि उजव्या डिस्कचं तापमान घ्या. पुढच्या दोघांची आपसात, मागच्या दोघांची आपसात तुलना करायची. एकच चाक खूप जास्त गरम निघालं तर चोर सापडला. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. आणि ब्रेक फ्लुइड तापून उकळलं तर पेडल खाली जातं. डॉट ३ फ्लुइड नवीन असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण जुनं होऊन पाणी शोषलं की बरंच आधी उकळतं. घाट उतरताना वास आला तर थांबा, गार होऊ द्या, आणि पुढे खालच्या गिअरमध्ये उतरा.

तिसरा गिअर
बेल्टही घ्या यादीत. अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर किंवा टेन्शनरची बेअरिंग जाम व्हायला लागली की बेल्ट पुलीवर घसरतो, रबर जळतं. पण त्याला आवाज असतो. सकाळी गाडी सुरू करताना किंवा एसी लावताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर बेल्ट. इंजिन बंद करून, किल्ली काढून, बेल्टच्या कडा आणि आतली बाजू बघा. चकाकी आली असेल, भेगा असतील तर बदला, पण बदलण्याआधी प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. जाम पुलीवर नवा बेल्ट टाकला तर तोही जळणार.

अबोली
गोडसर वासाबद्दल मीच विचारलं होतं, तर जे अनुभवलं ते लिहिते. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, म्हणून तो वास गोडसर येतो. आमच्या गाडीत तो केबिनमध्ये यायचा आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरायचं. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डमध्ये असतो, तो गळत होता. पायाजवळचं मॅटिंग ओलं लागलं तेव्हा कळलं. कूलंट विषारी आहे आणि कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून जमिनीवर सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, झाकण सैल होताच उकळतं पाणी अंगावर येतं.

निरंजना
सगळे तपासण्याबद्दल लिहितायत, पण मला विचाराल तर कारण कळेपर्यंत गाडी चालवूच नये. जळका वास म्हणजे काहीतरी जळतंय. घरातल्यांना घेऊन अशा गाडीत कसं बसायचं?

तिसरा गिअर
निरंजना, मग जुन्या गाड्यांपैकी निम्म्या घरीच उभ्या राहतील. टॅपेट कव्हर पाझरत असलेल्या कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं चालतात.

निरंजना
चालतात म्हणून सुरक्षित ठरत नाहीत. तुम्ही म्हणता ते पाझरणं आहे हे तरी अजून कुठे सिद्ध झालंय?

पानाबहाद्दर
निरंजनांचं म्हणणं मी मोडून काढणार नाही. कारण कळलेलं नसताना लांबचा प्रवास नको, हे बरोबरच आहे. माझी रेषा अशी. धूर दिसला, कच्च्या इंधनाचा वास आला, तापमानाचा काटा चढला, ऑइलचा किंवा बॅटरीचा दिवा लागला, किंवा प्लॅस्टिक-वायरीचा वास झपाट्याने वाढला, तर जिथे आहात तिथे कडेला घेऊन बंद करा. यातलं काहीच नसेल तर गॅरेजपर्यंत नेण्याइतपत चालवा, रोज ऑइलची पातळी बघत. तिसरा गिअर म्हणतात तसं वर्षानुवर्षं चालवणं मला मान्य नाही. मॅनिफोल्डवर पडणारं ऑइल एखाद्या दिवशी वासावर थांबत नाही.

नटबोल्ट
विषय निघालाच आहे तर आगीबद्दल. बोनेटखालून धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या, अग्निशमन दलाला फोन करा. बोनेट पूर्ण उघडू नका. एकदम हवा मिळाली की भडका उडतो, चेहऱ्यावर येतो. आग लहान असेल आणि हाताशी पावडरचं अग्निशामक असेल तर बोनेटची फक्त आतली कळ ओढा, ते थोडं वर येतं, त्या फटीतून मारा. दोन क्षणांत आटोक्यात आली नाही तर मागे फिरा. गाडी पुन्हा घेता येते.

मृद्गंधा
अग्निशामक डिकीत सामानाखाली ठेवलेलं असतं बऱ्याच जणांचं. ते सीटखाली, हात पोहोचेल असं आणि पट्ट्याने घट्ट बांधलेलं हवं. सैल असेल तर ब्रेक मारल्यावर पेडलखाली घरंगळतं. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना तेही अधूनमधून बघावं.

कडेकपारी
सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी गार असताना टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मागची बाजू पाहिली. टॅपेट कव्हरच्या खालून इंजिनच्या मागच्या अंगावर काळपट ओला थर आहे, त्यावर धूळ चिकटलेली. पण तो इतका पसरलाय की सुरुवात कुठून होते ते कळत नाही. चाकं सारखीच गरम, बेल्ट ठीक, खाली पिशवी-बिशवी काही नाही. कूलंटची पातळीही जागेवर.

पानाबहाद्दर
उत्तम. आता घाई करू नका. तो भाग आधी स्वच्छ करा. इंजिन गार असताना डिग्रीझर लावून, ब्रशने घासून, कापडाने पुसून घ्या. अल्टरनेटर आणि कनेक्टर प्लॅस्टिकने झाका, प्रेशरचं पाणी मारू नका. पूर्ण वाळू द्या. मग एक-दोन फेऱ्या मारून परत बघा. ऑइल खाली आणि मागे वाहतं, त्यामुळे सगळ्यात वर जिथे पहिला ओलसरपणा दिसेल तीच जागा. तरीही कळलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा डाय मिळतो. तो टाकून थोडं चालवायचं आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायचं, गळतीची रेघ चमकते.

स्पार्क प्लगच्या विहिरीही बघा, म्हणजे प्लग ज्या खोल भोकांत बसतात त्या. इग्निशन कॉइल वर ओढून काढली की तिच्या रबरी टोकाला ऑइल लागलंय का ते दिसेल.

कडेकपारी
केलं. साफ करून फिरवल्यावर नवं ऑइल टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे टायमिंग कव्हर (इंजिनच्या बाजूचं झाकण) हेडला (सिलिंडरांवरच्या भागाला) मिळतं तिथे दिसलं. तिथून बारीक रेघ थेट मॅनिफोल्डच्या पत्र्यावर उतरते. तिसऱ्या सिलिंडरच्या विहिरीतही ऑइल आहे. आता एक जण म्हणतो, बोल्ट थोडे आवळून घ्या, थांबेल.

नटबोल्ट
आवळू नका!

पानाबहाद्दर
नटबोल्ट बरोबर सांगतायत. ते बोल्ट लहान असतात, बहुतेक गाड्यांत टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. कडक झालेलं रबर आवळून मऊ होत नाही. उलट कव्हर वाकतं किंवा हेडमधले आटे जातात, मग छोट्या कामाचं मोठं होतं.

गॅस्केट नवं टाका, आणि विहिरींच्या रबरी सील सोबतच बदला. काही गाड्यांत त्या कव्हरमध्येच बसवलेल्या असतात, तेव्हा कव्हरच बदलावं लागतं. हेडची आणि कव्हरची कड पूर्ण साफ आणि कोरडी करा, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पात्याने अॅल्युमिनियमवर ओरखडे येतात. टायमिंग कव्हर आणि हेडच्या सांध्यावर तेवढा सिलिकॉन सीलंटचा छोटा ठिपका, बाकी गॅस्केट कोरडं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने.

तिसरा गिअर
मी तर पूर्ण गॅस्केटला सीलंट लावतो, कधी गळलं नाही.

पानाबहाद्दर
जास्तीचं सीलंट आत दाबलं जातं, तुकडे सुटतात आणि चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागातल्या) जाळीत अडकतात. ऑइल पंपाला तेल मिळेनासं झालं तर इंजिन जातं. रबरी गॅस्केटला सगळीकडे सीलंटची गरजच नसते. यात मी तुमच्याशी सहमत होणार नाही.

दूरचा प्रवासी
गॅस्केट बदलण्याआधी पीसीव्ही बघितला का? सिलिंडरमधून थोडा वायू पिस्टन रिंगच्या बाजूने चेंबरमध्ये उतरतोच. पीसीव्ही झडप तो वायू परत इनटेकमध्ये ओढून घेते. ती चोंदली की आत दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर जागेतून तेल बाहेर ढकललं जातं. नवं गॅस्केट टाकलं तरी काही महिन्यांत तिथेच पाझरणार. इंजिन आयडलिंगला असताना ऑइल भरायचं झाकण सावधपणे काढा आणि तोंडावर कागद ठेवा. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत तो हलकासा ओढला जायला हवा. उलट वर फेकला जात असेल तर आत दाब आहे.

पानाबहाद्दर
हे मीच आधी सांगायला हवं असं काम आहे, छान आठवण केलीत. झडप बदलूनही कागद उडत राहिला तर मात्र रिंगा झिजल्याचा संशय, मग कॉम्प्रेशन तपासून घ्यायचं.

कडेकपारी
कागद वर उडतोय! पीसीव्ही झडप काढून हलवली तर आतून खुळखुळ आवाजच नाही, आत काळा चिकट गाळ. नवी झडप, गॅस्केट आणि सील मागवल्या आहेत.

शंकासूर
झडप न बदलता साफ केली तर?

दूरचा प्रवासी
साफ करून चालू होते कधी कधी, पण आतली स्प्रिंग सैल झाली असेल तर कळत नाही. बदललेली बरी. तिचा पाइपही बघा, तोही चोंदतो किंवा चिरतो.

निरंजना
मला एक कळलं नाही. विहिरीतल्या ऑइलने काय बिघडतं? ते तर मॅनिफोल्डवर पडत नाही.

वीजवाला
ते कॉइलचं रबर फुगवतं आणि मऊ करतं. मग ठिणगी बाजूने हेडला पळते, प्लगपर्यंत जात नाही, इंजिन मिसफायर करतं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो लालबुंद होईपर्यंत तापू शकतो. इंजिन चेकचा दिवा लुकलुकत असेल तर याचसाठी गाडी लगेच हळू करून थांबवायची असते. सडक्या अंड्यांसारखा वास यायला लागला तर कन्व्हर्टर किंवा जास्त चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही तपासा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. सतत १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय.

कडेकपारी
काम झालं. गॅस्केट, विहिरींच्या सील, पीसीव्ही झडप आणि तिचा पाइप, सगळं नवं. कागद आता हलकेच ओढला जातो. पण वास अजून थोडा आहे, म्हणून धाकधूक वाटतेय.

पानाबहाद्दर
मॅनिफोल्डच्या पत्र्याखाली जुनं ऑइल मुरलेलं असतं, ते पूर्ण जळेपर्यंत वास राहतो. दिवसागणिक कमी होत गेला पाहिजे. कोपऱ्यावर पांढरं कापड फिरवून बघा, कोरडं निघालं तर काळजी सोडा.

कडेकपारी
कापड कोरडं. वासही जवळपास गेलाच. राहिला बहिणीचा प्लॅस्टिकचा वास. वीजवाला, तुम्ही परत येणार होतात.

वीजवाला
आलो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मग ब्लोअरच्या मोटरचा आणि रेझिस्टरचा कनेक्टर काढून बघा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या खाली-मागे असतो. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय का, एखादी पिन काळवंडलीय का ते बघा.

कडेकपारी
एक पिन काळी, आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळून पिवळं-तपकिरी. फोटोत आणखी वाईट दिसतंय. पण फ्यूज शाबूत आहे! इतकं वितळूनही फ्यूज उडाला कसा नाही?

वीजवाला
कारण करंट वाढलेलाच नाही. फ्यूज फक्त करंट बघतो. पिन सैल झाली की त्या सांध्यात रोध तयार होतो. समजा ब्लोअर २० अँपिअर घेतोय आणि सांध्यात फक्त ०.१ ओहम रोध आहे. तेवढ्यावर ४० वॅट उष्णता तयार होते, एका बारीक पिनेत. लहान सोल्डरिंग आयर्नएवढी. प्लॅस्टिक वितळणारच, आणि फ्यूजला पत्ताही लागणार नाही. ब्लोअर शेवटच्या पायरीवर असताना वास जास्त येण्याचं कारणही हेच, तेव्हा करंट सर्वांत जास्त असतो. तुमच्या बहिणीने फार महत्त्वाची गोष्ट वेळेत ओळखली, तिला आमच्याकडून धन्यवाद सांगा.

निरंजना
मी म्हणत होते ती भीती हीच!

वीजवाला
हो, आणि तुमचा आग्रह रास्त होता.

कडेकपारी
बहिणीला धागा वाचायला दिलाय. आता फक्त कनेक्टर बदलला की भागेल का?

वीजवाला
कनेक्टरचा साचा आणि आतल्या धातूच्या पिना, दोन्ही बदला. मोटरच्या किंवा रेझिस्टरच्या बाजूची पिन काळी असेल तर तो भागही बदला, नाहीतर नवी पिन पुन्हा तापेल. वायरीचं आवरण जिथपर्यंत कडक झालंय तिथपर्यंत कापून टाका, तेवढ्याच जाडीची नवी वायर जोडा, बारीक चालणार नाही. पिना पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा. फ्यूज मोठ्या अँपिअरचा टाकू नका. ब्लोअरची मोटर हाताने फिरवून बघा, जड फिरत असेल तर ती जास्त करंट ओढतेय, आणि केबिन फिल्टर चोंदला असेल तर तोही बदलून घ्या. सगळं बसवल्यावर ब्लोअर शेवटच्या पायरीवर दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करा आणि कनेक्टरला बोट लावा. कोमट लागला तर ठीक. बोट ठेवता येत नसेल तर सांधा अजून नीट बसलेला नाही, पुन्हा उघडा.